परसांतील कर्मशाळेचा नकाशा



लूककृत शुभवर्तमानाच्या चवदाव्या अध्यायांत प्रभूनें बुरूज बांधूं पाहणाऱ्या माणसाचा एक दाखला दिला आहे. खर्चाचा अंदाज न घेतां पाया घातला आणि मध्येंच पैसा सरला, तर येणारे-जाणारे हंसल्यावांचून राहत नाहींत, हें त्याचें तात्पर्य. गेलीं वीस वर्षें हा दाखला आम्ही वर्गांत शिकवीत आलों आहों. परंतु तो आपणांसच उद्देशून सांगितला असावा, असें गेल्या वर्षापर्यंत आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या मनानें असें घेतलें कीं, घरामागील परसांत सुतारकामासाठीं एक स्वतंत्र खोली बांधावी. खोली अद्याप बांधून झालेली नाहीं. झाला आहे तो केवळ नकाशा. पण एवढा नकाशा तयार होईपर्यंत आम्हांस जें शिकावें लागलें, तें आपल्यापुढें मांडावें म्हणून हा लेख.

आमचे वडील सुतार होते. मिशनच्या उद्योगशाळेंत ते हा धंदा शिकले आणि पुढें तीस वर्षें मुलांस शिकवीत राहिले. त्यांच्या पश्चात् आमच्या वांट्यास शेत आलें नाहीं, कीं दागिना आला नाहीं. आली ती हत्यारांची एक सागवानी पेटी. तींत लहानमोठे चार रंधे, सहा पटाश्या, दोन करवती, एक वाकस, एक सामता, गुण्या व ओळंबा इतका ऐवज होता. ही पेटी अकरा वर्षें आमच्या पलंगाखालीं पडून होती. दोन वर्षांपूर्वीं शाळेंतला एक बाक मोडला. तो दुरुस्त करण्याच्या निमित्तानें पेटीचें झांकण उघडलें, तें पुन्हां बंद झालें नाहीं. शनिवारीं दुपारीं आम्ही आणि वर्गांतील तीन-चार मुलें घराच्या ओटीवर बसून बाक, खुर्च्या, फळ्यांच्या चौकटी नीट करूं लागलों. ओटी ती केवढी! भुसा स्वयंपाकघरांत जाई. लांब फळी आडवी धरली कीं घराची वाट बंद होई. आणि एके दिवशीं तर एक लहान पटाशी कणकेच्या डब्यांत सांपडली. त्या दिवशीं आमच्या पत्नीनें अत्यंत शांतपणें सांगितलें, "अहो, एक तर हा कारखाना बाहेर न्या, नाहीं तर आम्हांस बाहेर काढा." कर्मशाळेची कल्पना अशी जन्मास आली.

परंतु हें झालें बाहेरचें कारण. आंतलें कारण निराळें आहे, आणि तें येथें लिहावें कीं न लिहावें याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. श्रमाच्या प्रतिष्ठेविषयीं आम्हीं आपणांस अनेक वेळां उपदेश केला आहे. उपदेश करणारा मनुष्य कसा आहे, हें जाणण्याचा ऐकणाऱ्यांस हक्क असतो, असें ठरवून अखेर लिहीत आहों.

आम्ही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत होतों व वसतिगृहांत राहत होतों. आषाढाचे दिवस होते. पावसानें आमच्या खोलीचें दार फुगून चौकटींत इतकें घट्ट बसे कीं, खांदा लाविल्यावांचून तें उघडत नसे. घरीं लिहिलेल्या पत्रांत हें सहज लिहून गेलों होतों. एके दिवशीं वडील न कळवितां आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायजम्याच्या कडांस चिखल. "दार कोणतें?" एवढेंच त्यांनीं विचारलें, बिजागऱ्या सोडविल्या, दार उतरवून व्हरांड्यांत आडवें ठेविलें आणि रंधा मारूं लागले. तेवढ्यांत शेजारच्या खोलींतला आमचा एक मित्र आला. तो मोठ्या घरचा होता. "हे कोण?" असें त्यानें आम्हांस इंग्रजींत विचारलें. आम्ही म्हणालों, "गांवाकडचे आहेत."

हें खोटें नव्हतें. वडील गांवाकडचेच होते. मित्र त्यांजकडे वळून म्हणाला, "मिस्त्री, माझेंहि दार करून द्याल काय? काय घ्याल?" वडिलांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "द्या वीस रुपये." त्यांनीं तें दारहि केलें आणि वीस रुपये घेतलेहि, कारण मिस्त्री पैसे घेतो, आणि त्यांनीं न घेतले असते तर ते कोण आहेत हें उघड झालें असतें. जातांना एस. टी.च्या थांब्यावर त्यांनीं ती नोट आमच्या हातांत ठेविली व म्हणाले, "वह्या घे." त्यानंतर ते पुष्कळ वर्षें जगले. या गोष्टीविषयीं ते कधीं एक अक्षर बोलले नाहींत, आणि बोलण्याचा आम्हांसहि धीर झाला नाहीं. पेत्रास निदान कोंबड्याचें आरवणें तरी ऐकूं आलें होतें.

नासरेथकरांनीं ज्या प्रभूस, हा तर सुतारच, म्हणून हिणविलें, त्याच प्रभूचें नांव घेऊन आम्ही शिक्षक झालों. आणि सुताराचा पुत्र म्हणवून घेण्यास मात्र लाजलों. पलंगाखालची पेटी अकरा वर्षें कां उघडली नाहीं, याचें उत्तर यांतच आहे.

म्हणूनच असेल, आमचा पहिला नकाशा फार मोठा निघाला. अपराध जुना झाला कीं प्रायश्चित्तास व्याज चढतें. आमची जागा चाळीस फूट रुंद व पंचाहत्तर फूट लांब आहे. दक्षिणेस रस्ता, पुढें घर आणि मागें उत्तरेस चाळीस फूट रुंद व अठ्ठावीस फूट खोल असें परसूं. परसाच्या वायव्य कोपऱ्याकडे एक जुना कडुलिंब आहे. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे शेजारच्या मावशींचें घर. पहिल्या नकाशांत आम्हीं चोवीस फूट लांब व वीस फूट रुंद, म्हणजे ४८० चौरस फुटांचें दालन काढिलें. त्यासाठीं लिंब पाडावयाचा होता, एक भिंत थेट पश्चिमेच्या कुंपणास भिडवावयाची होती, आणि दारावर वडिलांच्या नांवाची संगमरवरी पाटी बसवावयाची होती. कंत्राटदारानें दर चौरस फुटास १,८०० रुपये भाव सांगितला. गुणाकार केला तेव्हां ८,६४,००० रुपये झाले. आमची सारी शिल्लक ४,१०,००० रुपये. तींतून कन्येच्या परिचारिका-शिक्षणासाठीं दीड लाख बाजूस ठेवणें अवश्य. उरले २,६०,०००.

"बाकीचे कोठून आणणार?" पत्नीनें विचारलें.

"निर्वाह निधींतून कर्ज काढूं," आम्ही म्हणालों.

"मामंजींनीं कर्ज काढून कधीं एक खिळा तरी घेतला होता काय?" ती म्हणाली आणि आंत निघून गेली.

बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आम्हांस त्या संध्याकाळीं समजला. नकाशा मात्र आम्हीं फाडला नाहीं. कागद चांगला जाड होता. त्याची पाठीमागची कोरी बाजू कामीं आली.

दुसऱ्या नकाशाचा आरंभ आम्हीं मातीपासून केला, आणि याचें श्रेय एका वृद्ध गवंड्यास आहे. आमच्या विनंतीवरून तो जागा पाहण्यास आला. आम्ही कागद उलगडूं लागलों तोंच तो म्हणाला, "मास्तर, कागद राहूं द्या. आधीं खड्डा खणा." कुंपणाच्या भिंतीस कांहीं वर्षांपूर्वीं एक तिरकी भेग पडली होती. तीकडे बोट दाखवून त्यानें विचारलें, "ही कशानें पडली, सांगा." आम्हांस सांगतां आलें नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, ही काळी माती पाणी प्याली कीं फुगते आणि उन्हाळ्यांत आटली कीं भेगाळते. तिजवर जें उभें कराल तें ती दर वर्षीं एकदां उचलते व एकदां खालीं ठेविते. दख्खनच्या काळ्या मातींत कापूस उत्तम येतो तो ज्या गुणामुळें, त्याच गुणामुळें भिंती फाटतात. ही माती चिकण असते. ती ओल धरून ठेविते. कापसास ती ओल हवी असते, पायास नको असते.

खड्डा खणला. साडेतीन फुटांवर पिवळट मुरूम लागला. पाया तेथपर्यंत नेला पाहिजे, जोत्याच्या आंतील काळी माती काढून तेथें मुरूम भरून ठोकला पाहिजे, आणि छपराचें पाणी भिंतीच्या मुळाशीं न मुरतां दूर वाहून गेलें पाहिजे, असें ठरलें. गवंड्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. मोठें झाड आपल्या मुळांनीं अशा मातींतील ओल शोषून घेतें. म्हणून झाडाशेजारीं पाया नको. झाड पाडलें तरी धोका टळत नाहीं, कारण इतकीं वर्षें कोरडी राहिलेली माती मग हळूहळू ओल घेऊन फुगते. तेव्हां लिंब पाडून त्याच जागीं खोली बांधण्याचा आमचा बेत दोहोंकडून खोटा ठरला. नव्या नकाशांत खोली पूर्वेच्या बाजूस सरकली, आणि लिंब व तिची भिंत यांत पंधरा फुटांचें अंतर राहिलें.

आतां आकाराविषयीं. खोली किती मोठी असावी हें माणसाच्या हौसेनें ठरवूं नये, हातांतील कामानें ठरवावें. आम्हीं अर्ध्या इंचास एक फूट असें प्रमाण धरून पुठ्ठ्याचे तुकडे कापले: एक कामाच्या मेजाचा, एक करवत-यंत्राचा, एक फळ्या ठेवण्याच्या घोडीचा, एक हत्यारांच्या कपाटाचा. ते कागदावर इकडून तिकडे सरकवीत आम्ही सारें कुटुंब तीन रात्री बसलों. प्लायवुडची पुरी फळी आठ फूट लांब व चार फूट रुंद असते. ती यंत्रावर चिरावयाची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट व पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. केवळ या एका कामासाठीं आम्ही मोठें दालन मागत होतों. मग कन्येनें यंत्राचा तुकडा दारासमोर आणून ठेविला आणि म्हणाली, "दार उघडें ठेवलें तर फळी अंगणांत जाईल कीं!" आणि खरोखरच, दार योग्य ठिकाणीं असलें तर तें लहान खोलीची लांबी हवी तेवढी वाढवितें. शेवटीं बारा फूट रुंद व अठरा फूट लांब, म्हणजे २१६ चौरस फूट, एवढी खोली पुरेशी ठरली. दार दक्षिणेस, घराच्या बाजूस, दुपाखी व साडेचार फूट रुंद. तें बाहेर उघडेल, म्हणजे आंतली जागा खाणार नाहीं.

कामाचें मेज उत्तरेच्या खिडकीखालीं राहील. उत्तरेचा उजेड सुताराचा मित्र आहे. दक्षिणेकडून व पश्चिमेकडून येणारें ऊन क्षणोक्षणीं बदलतें, छाया टाकतें आणि डोळ्यांवर येतें. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. चित्रकारांच्या दालनांस व कापडगिरण्यांच्या करवती-छपरांस काचा उत्तरेकडे बसविण्याची रीत पडली ती यामुळेंच. आमच्याकडे पावसाळा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीस खिडकी नाहीं. त्या भिंतीवर दुपारचें ऊन येईल, पण त्यावेळीं लिंबाची सावली तिजवर असेल. जें झाड आम्ही अडथळा म्हणून तोडणार होतों, तें आतां नकाशांत पांचव्या भिंतीचें काम करीत आहे.

मेजाची उंची किती असावी? सरळ उभें राहून हात सैल सोडले असतां तळवे जेथें टेकतील तितकी, असा जुना ठोकताळा आहे. रंधा मारतांना अंगाचें वजन हातांवर यावें हा त्याचा हेतु. वडिलांचें मेज गांवच्या घराच्या पडवींत अजून आहे. सात फूट लांब, दोन फूट रुंद, सागाचें. सांधे सारे कुसू व साल यांचे, लोखंडाचा एक खिळा नाहीं. पण वडील आमच्याहून ठेंगणे होते, त्यामुळें तें आम्हांस दीड इंच कमी पडतें. एका शेजाऱ्यानें नवीन पाय बसविण्याचा सल्ला दिला. आम्ही तसें करणार नाहीं. पायांखालीं दीड इंचाचे ठोकळे ठेवूं. त्या मेजास हत्यार लावण्याइतके आम्ही अजून शिकलों नाहीं.

छपराचा प्रश्न आला तेव्हां पत्र्याचा विचार प्रथम सुचला. पत्रा स्वस्त खरा. पण वैशाखांत तो तव्यासारखा तापतो आणि पावसांत त्याखालीं माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतु असतात. ते कापतांना किंवा फुटतांना श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात, म्हणून ते वर्ज्य. मग वडिलांच्या घराच्या पडक्या बाजूवरील मंगळुरी कौलें आठवलीं. मोजलीं तों सहाशेंच्या वर भरलीं. वळचणी धरून आमच्या छपरास सव्वापांचशे पुरतील, बाकीचीं फुटतुटीस.

या कौलांचा इतिहास आपणांस ठाऊक असावा. मंगळुरास बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढिला. त्या काळीं जो मनुष्य ख्रिस्ती होई त्याची जात सुटे आणि जातीबरोबर धंदाहि सुटे. नुसत्या उपदेशानें पोट भरत नाहीं, हें त्या मिशनऱ्यांनीं जाणलें. आणि विणकामाच्या व कौलांच्या कारखान्यांत अशा माणसांस काम दिलें. तेथील नद्यांकांठची चिकणमाती, यंत्राचा दाब व भट्टीची आंच यांपासून एकमेकांत अडकणारें, हलकें व टिकाऊ कौल निर्माण झालें, आणि तें समुद्रमार्गें दूरदेशींहि गेलें. ज्यांच्या डोक्यावरचें छप्पर गेलें होतें, त्यांनींच इतरांच्या डोक्यांवर छप्पर घातलें. वडिलांचीं कौलें आपल्या छपरावर चढतील याचा आम्हांस जो आनंद आहे, त्यांत काटकसरीचा वांटा अर्धाच आहे.

भिंतींविषयीं आम्हांस लॉरी बेकर यांचें साहाय्य झालें. हे गृहस्थ इंग्लंडांत १९१७ सालीं जन्मले. क्वेकर पंथाचे. कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठीं ते हिंदुस्थानांत आले, येथेंच राहिले आणि २००७ सालीं तिरुवनंतपुरम येथें निवर्तले. गरिबास परवडेल असें घर बांधणें हें त्यांनीं आपलें जीवितकार्य मानिलें. विटा निजवून न लावतां कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटांत पोकळी ठेवण्याची एक पद्धत त्यांनीं येथें लोकप्रिय केली. इंग्रजींतील तिच्या नांवाचा अर्थ 'उंदराचा सांपळा' असा आहे. तींत विटा सुमारें चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळींतील हवेमुळें उष्णता आंत उशिरां पोंचते. गिलावा न करितां विटा उघड्याच ठेवावयाच्या; तोहि खर्च वांचला. दारें-खिडक्या आम्ही स्वतः करणार. असा एक-एक आंकडा खालीं येत नव्या नकाशाचा खर्च २,४६,००० रुपये झाला. चौदा हजार अडीअडचणीस उरले.

विजेच्या बाबतींत मात्र काटकसर नको, असें आम्ही सर्वांस सांगूं. खोलीस मीटरपासून स्वतंत्र तार, उत्तम भूसंपर्क, आणि गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ, हीं तिन्ही अवश्य. तसेंच भुशाचें. लांकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी वाटतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं तो मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत नमूद केला. वडील आयुष्यभर खोकत असत. आम्ही तो खोकला धंद्याचाच भाग समजत होतों. आमच्या खोलींत समोरासमोर झरोके, भुसा ओढून घेणारें यंत्र व प्रत्येक मुलाच्या नाकातोंडावर आच्छादन असेल. जवसाच्या तेलांत भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकूं नये; हवेच्या संयोगानें तो आपोआप तापून पेट घेतो. अशा चिंध्या पसरून वाळवाव्या किंवा झांकणाच्या लोखंडी डब्यांत पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

बांधकामास परवानगी लागते. घर आपलें, जागा आपली, मग विचारावयाचें कोणास, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं मुंबई व कांहीं थोडे भाग वगळून सर्व राज्यासाठीं बांधकामाची एकत्रित नियमावली मंजूर केली. कुंपणापासून किती जागा सोडावी, किती बांधावें, हें तींत ठरलेलें आहे. आमचा पहिला नकाशा त्या नियमांत बसलाच नसता. दुसरा आम्हीं अनुज्ञापत्र असलेल्या एका वास्तुशिल्पज्ञाकडून तपासून घेतला व अर्जासोबत दाखल केला.

पण एक परवानगी कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं. ती घेण्यास आम्ही नकाशा घेऊन शेजारच्या मावशींकडे गेलों. मावशी निवृत्त परिचारिका आहेत. पस्तीस वर्षें रात्रपाळ्या केल्यामुळें त्यांस रात्रीं झोंप लागत नाहीं; झोंपतात त्या दुपारीं एक ते चार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहा वाजतां सुरू होते, असें आम्हीं त्यांस वाचून दाखविलें. त्या हंसल्या व म्हणाल्या, "मास्तर, कायद्याची रात्र दहाला होते, माझी दुपारीं एकला." तेव्हां ठरलें कीं, यंत्र चारनंतर चालेल आणि दिवेलागणीस बंद होईल, रविवारीं तें चालणारच नाहीं. एक ते चार या वेळांत केवळ हातहत्यारें, आणि तींहि ठोकाठोकीचीं नव्हेत. मग त्यांनीं हळूच विचारलें, "आणि लिंब?" लिंब राहणार, हें ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या निजण्याच्या खोलीवर सकाळची सावली त्याच झाडाची असते. पहिल्या नकाशांत आम्हीं त्यांच्या खिडकीसमोर भिंत उभी केली होती आणि त्यांची सावली तोडली होती, हें आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं. येथें सांगत आहों.

निघतांना त्या म्हणाल्या, "खोली होईल तेव्हां होईल. पण ही माझी खिडकी तीन पावसाळे झाले, बसत नाहीं. पाहाल का?"

दुसऱ्या दिवशीं आम्ही वडिलांची पिशवी घेऊन गेलों. खिडकीची झडप उतरवून व्हरांड्यांत आडवी ठेविली आणि रंधा मारूं लागलों. लांकूड आडव्या अंगानें फुगतें, लांबींत फुगत नाहीं; म्हणून कोठें व किती काढावयाचें हें पाहून काढावें लागतें. तेवढ्यांत मावशींचा पुण्याचा भाचा आला. त्यानें दारांतूनच विचारलें, "मावशी, हे मिस्त्री कोण? माझ्याकडेहि थोडें काम आहे."

मावशी गडबडल्या. "अरे, हे मिस्त्री नव्हेत, हे तर शाळेंतले..." असें त्या म्हणूं लागल्या. आम्हीं त्यांस थांबविलें. आम्ही म्हणालों, "मिस्त्रीच आहों. आमचे वडील सुतार होते. हा रंधा त्यांचा."

वाक्य फार लहान होतें. तें म्हणण्यास आम्हांस सव्वीस वर्षें लागलीं. ज्यांनीं तें ऐकावयास हवें होतें ते ऐकण्यास नव्हते, आणि या गोष्टीची भरपाई कोणत्याहि खोलीनें होणार नाहीं, हेंहि त्याच क्षणीं कळलें. काम झाल्यावर मावशींनीं किती द्यावें तें विचारलें. आम्हीं वीस रुपये मागितले. ती नोट पेटीच्या तळाशीं ठेविली आहे.

परीक्षा आटोपल्या कीं एप्रिलांत पाया खणावयाचा आणि मृगापूर्वीं कौलें चढवावयाचीं, असा बेत आहे. नकाशांतून संगमरवरी पाटी आम्हीं काढून टाकिली. मेज, पेटी व कौलें जेथें आहेत तेथें पाटीचें कारण नाहीं. पुढील वर्षीं शनिवारीं चार वाजतां ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं यावें. पहिले तीन महिने केवळ हत्यारांस धार लावणें व फळी सपाट करणें एवढेंच शिकविलें जाईल, हें आधींच सांगून ठेवितों.

आतां एकच सांगावयाचें राहिलें. आपल्यापैकीं पुष्कळांचे वडील हातानें काम करितात. कोणी गवंडी आहेत, कोणी रिक्षा चालवितात, कोणी दुसऱ्याच्या शेतांत राबतात. एखाद्या दिवशीं ते शाळेच्या फाटकापाशीं येतील. पायांस चिखल असेल, आणि आपला एखादा मित्र आपणांस विचारील, "हे कोण?" मित्रहो, तें उत्तर आजच तयार ठेवा. तें त्यांच्या कानांवर पडेल इतक्या मोठ्यानें द्या.